हात मांडीखाली

विक्रोळीला, कन्नमवार नगरच्या कामगार कल्याण केंद्रात
दर गुरुवारी साडेसहाला
आम्ही सातजण बसतो, पन्नाशी-साठीचे.
शेजारच्या खोलीत कॅरम,
त्याची पावडर दाराखालून येते
आणि आमच्या पटावरची काळी घरं
थोडी थोडी पांढरी होत जातात.

मी अकरा वर्षं खेळतोय,
अकरा वर्षं त्याच पायरीवर.
चोविसाव्या चालीच्या आसपास वजीर जातो,
मग मी हसतो, म्हणतो, गंमत म्हणून खेळतो हो आपण.
पुस्तकं आणली. सिसिलियन पाठ केला
बाराव्या चालीपर्यंत, आरतीसारखा.
समोरचा पुस्तकातली तेरावी चाल
कधीच खेळला नाही.

शिकवायला येते हेमांगी वैती,
वरळी कोळीवाड्याची, माझ्या धाकटीहून लहान.
पहिल्या दिवशी म्हणाली, "काका, हरलेले डाव आणा.
जिंकलेले राहू देत घरी."
बरं झालं, पिशवी तेवढीच भरली असती.

चाळीस डाव नेले खाकी लिफाफ्यातून.
ती वाचत गेली, पेन्सिलीने टिंब देत,
दर डावात एकच टिंब.
"इथे किती वेळ घेतलात?"
आठवेना.
"समोरच्याने घोडा इथे का आणला, विचारलंत?"
कुणाला?
"स्वतःला."
मग वही मिटून: "नोकरी काय केलीत?"

टपालात. एकतीस वर्षं, सॉर्टिंगला.
पत्ता पुरता वाचायच्या आत
पत्र खणात पडलेलं असायचं:
भुलेश्वर, फणसवाडी, ठाकूरद्वार.
हात पुढे, डोळे मागून.
साहेब पाहुण्यांना आणून दाखवायचे माझा हात.
त्याच हातावर घर झालं, दोघींची लग्नं झाली.

एवढं सांगून मी गप्प झालो.
तीही काही बोलली नाही.
शेजारी कुणीतरी राणी घेतली, आरडाओरडा झाला.
तो ओसरल्यावर म्हणाली,
"काका, हात मांडीखाली घाला. दोन्ही.
आणि त्यांच्यावर बसा."

परेरा सिस्टरचं दुखणं उलटं.
प्रत्येक घर तीनदा तपासणार,
जसा डोस तपासतात रात्रपाळीला,
आणि घड्याळावर हरणार.
तिला सांगितलंय, दर डावात एक प्यादं देऊन टाक,
कारण शोधू नकोस.
दिलं की ती डोळे मिटून घेते.

मला महिनाभर दोन राजे आणि एक प्यादं.
बाकी लाकूड डब्यात.
राजासमोर राजा, मध्ये एक रिकामं घर,
आणि ज्याची पाळी तो अडचणीत.
हलायचं नसतं आणि हलावंच लागतं,
हे मला पटावर आत्ता कळलं.
एरवी ठाऊक होतं बहुधा.

परवा माटुंग्याला स्पर्धा.
समोर नऊ वर्षांचा मुलगा, पाय जमिनीला न टेकणारा.
चाल करायचा आणि पाणी प्यायला पळायचा.
चोविसावी चाल आली.
मांडीखाली उजवा हात वळवळला,
त्याला खण दिसला होता.
मी म्हटलं, थांब. उंट तिथे का आला?
पुन्हा म्हटलं.
मग तिरक्या रेषेच्या पार टोकाला
माझा वजीर उघडा दिसला,
अकरा वर्षं तसाच उभा असल्यासारखा.
हात काढला, मुंग्या आलेला. एक घर मागे.

हरलो. एकसष्टाव्या चालीला.
पोराने हात मिळवला, म्हणाला,
"आजोबा, मला वाटलं तुमचा वजीर मघाशीच येणार."

घरी ही म्हणाली, "जिंकलात?"
"नाही."
"मग एवढा उशीर?"
"तेच तर," म्हटलं.
तिला काही कळलं नाही. आमटी पुन्हा गरम केली तिने,
पान वाढलं,
आणि मी आपला बसून,
हात मांडीखाली.